बेअरिंग किती दिवस चालेल हे सांगताना या चुका टाळा

"हे अजून किती दिवस ओढेल?" मेंटेनन्सवाल्याला हा प्रश्न शिफ्टगणिक येतो. अंदाज फसतो तो सहसा गणितात नाही, तर गणिताला दिलेल्या आकड्यात.

कॅटलॉगमधलं एल-टेन आयुष्य ही गॅरंटी नव्हे. सारख्याच शंभर बेअरिंगांपैकी नव्वद तेवढी टिकतात, दहा आधीच जातात. निम्मी तर त्याच्या साधारण पाचपट चालतात. म्हणजे एल-टेनचे तास भरले की सरसकट बदलणारे बरीच धडधाकट बेअरिंगं भंगारात टाकतात, आणि नवं हातोड्याने ठोकून बसवलं की नवं दुखणं विकत घेतात.

बेल्ट "टाइट असलेला बरा" ही फिटरची लाडकी समजूत. पण बेल्ट ताणला की बेअरिंगवरचा लोड वाढतो, आणि बॉल बेअरिंगवरचा लोड 25 टक्के वाढला की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. दुप्पट झाला तर आठवा हिस्सा उरतो. आकडेमोड करणारा मात्र डिझाइनचाच लोड धरून बसलेला असतो.

व्हायब्रेशनचं रीडिंग घेताना सेन्सरचा मॅग्नेट फॅन कव्हरच्या पत्र्यावर चिकटवू नका. बेअरिंग हाउसिंगवर पंचने खूण करा, दर वेळी तिथेच आणि त्याच लोडवर घ्या. नाहीतर ट्रेंड मशीनचा नसतो, माणसाच्या हाताचा असतो. नुसत्या मिलिमीटर प्रति सेकंदावर, म्हणजे कंपनाच्या वेगावर, विसंबूनही चालत नाही, तिथे बिघाड उशिरा दिसतो. 1440 आरपीएमच्या मोटरवर 6205 नंबरचं बेअरिंग असेल, तर बाहेरच्या रेसवरच्या, म्हणजे बॉल धावतात त्या खाचेतल्या, खड्ड्याला सेकंदाला सुमारे 86 ठोके बसतात. ते आधी एन्व्हलपमध्ये, म्हणजे कंपनातून असे बारीक ठोके वेगळे काढणाऱ्या रीडिंगमध्ये, उमटतात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उतरणारं रीडिंग. आमच्या एका पंपावर एन्व्हलप आठवड्यागणिक चढत होतं, मग अचानक निम्म्यावर आलं. ग्रीस मारलं होतं, म्हणून सगळे निर्धास्त. खरं तर खड्ड्याच्या धारदार कडा बॉलखाली दबून गुळगुळीत झाल्या होत्या. पंधरवड्यात पंप जाम, तोही रात्रपाळीला. चढलेला ट्रेंड आपोआप उतरला तर खूश होऊ नका, रीडिंगचं अंतर कमी करा.

आणि निघालेलं बेअरिंग थेट भंगारात टाकू नका. बाहेरची रिंग कापून रेस बघा. कपडे धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा दिसल्या, तर मोटरला व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) आहे का ते आधी विचारा. तो बेअरिंगमधून जाणाऱ्या करंटचा मार असेल, तर इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्ट ग्राउंडिंग रिंग बसेपर्यंत पुढच्या तारखेचा अंदाज काढत बसू नका.