ध्यानचंद, बलबीर की हरमनप्रीत? वाद घालायचा तर तक्ता मांडून

कोल्हापूरच्या हॉकी स्टेडियमला नाव मेजर ध्यानचंदांचं. त्यामुळं तिथल्या पायऱ्यांवर ‘सगळ्यांत भारी कोण?’ हा विषय निघाला की पहिलं नाव ठरलेलंच असतं. मग कुणी धनराज पिल्लैला पुढं करतं, पॅरिस ऑलिंपिकचे सामने पाहिलेली पोरं हरमनप्रीतचं नाव घेतात आणि आवाज चढतात. एकजण अख्ख्या कारकिर्दीबद्दल बोलत असतो आणि दुसरा ऐन भरातल्या खेळाबद्दल, त्यामुळं तोडगा निघत नाही. कागद, पेन आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढं सामान घेतलं तर हा वाद बऱ्यापैकी सुटतो.

आधी काळ बांधून घ्या

ऐन भर म्हणजे एक ऑलिंपिक किंवा एक विश्वचषक. फार तर सलग चार वर्षं धरा, त्यापुढं जाऊ नका. धनराज चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. असा खेळाडू दुसरा नाही, पण हा आकडा टिकण्याचा आहे. त्याच्या भराचं वर्ष शोधायचं तर 1998 घ्या: कर्णधार तो, आणि बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताला 1966 नंतर पहिलं सुवर्ण. त्याच्या चारही ऑलिंपिकमध्ये भारत सातवा किंवा आठवा आला, हे त्याच्या खात्यात उणे लिहू नका. पदकं संघाची असतात आणि इथं आपण खेळाडू मोजतोय.

गोल मोजू नका, वाटा काढा

संघाच्या एकूण गोलांपैकी त्या खेळाडूचे किती? खेळाडूचे गोल भागिले संघाचे गोल, गुणिले शंभर.

1928, अ‍ॅमस्टरडॅम: भारत 29, ध्यानचंद 14. वाटा 48 टक्के.
1952, हेलसिंकी: भारत 13, बलबीर सिंग (सीनियर) 9. वाटा 69 टक्के.
2024, पॅरिस: भारत 15, हरमनप्रीत 10. वाटा 67 टक्के.

नुसते 14, 9 आणि 10 पाहिले तर ध्यानचंद पुढं दिसतात, वाटा काढला की क्रम उलटतो. पण इथं घाई करू नका. शेजारी दुसरा मोठा खेळाडू असेल तर या पद्धतीत माणूस उगाच लहान दिसतो. 1932 ला लॉस एंजलिसमध्ये ध्यानचंदांचे 12 गोल झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ रूपसिंग यांचे 13. संघाचे 35. म्हणजे वाटा 34 टक्के, आणि स्वतःच्याच संघात दुसरा नंबर! म्हणून वाट्याच्या रकान्याशेजारी ‘जोडीला कोण होतं’ असा एक छोटा रकाना ठेवाच. बलबीरांच्या 1952 च्या संघातही के. डी. सिंग बाबू आणि उधमसिंग होते, तेही लिहा.

सोपे सामने वजा करा

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. 1932 ला स्पर्धेत संघ तीनच होते. भारताच्या 35 पैकी 24 गोल एकट्या अमेरिकेविरुद्धचे. 1980 ला मॉस्कोवर बहिष्कार पडला, सहा संघ उरले. भारताचे एकूण 43 गोल झाले, त्यात टांझानियाविरुद्ध 18 आणि क्युबाविरुद्ध 13. उरलेल्या चार सामन्यांत मिळून फक्त 12. मॉस्कोतल्या कुठल्याही आघाडीवीराचा आकडा सांगताना हे 31 गोल बाजूला काढल्याशिवाय बोलू नये.

नियम साधा ठेवा: पाचपेक्षा जास्त फरकानं जिंकलेला सामना कंसात टाकायचा, म्हणजे हिशेबातून वगळायचा. मग फक्त बादफेरीचे सामने घेऊन वाटा पुन्हा काढायचा. हेलसिंकीत उपांत्य सामना ब्रिटनशी 3-1, अंतिम सामना नेदरलँड्सशी 6-1. बलबीरांचे उपांत्य सामन्यात तीन, अंतिम सामन्यात पाच. या दोन सामन्यांत संघाच्या नऊपैकी आठ! (हेलसिंकी म्हटलं की आपल्याकडं आधी खाशाबा जाधवच आठवतात, आणि ते बरोबरच आहे, पण त्याच ऑलिंपिकमध्ये हेही झालं.) पॅरिसमध्ये ब्रिटनशी 1-1, जर्मनीशी 2-3, कांस्यपदकासाठी स्पेनशी 2-1. संघाच्या पाचपैकी हरमनप्रीतचे चार. स्वप्नील कुसाळेच्या कांस्यपदकाच्या गडबडीत ही कामगिरी कोल्हापुरात जरा झाकोळलीच.

या कंसाच्या नियमाची एक बाजू लंगडी आहे. भारत इतका भारी होता म्हणून फरक मोठा पडला, की समोरचे दुबळे होते म्हणून? ध्यानचंदांच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा संघ उतरलाच नव्हता. पण 1936 ला बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारतानं जर्मनीला 8-1 हरवलं, तेव्हा समोर यजमान होते आणि सरावाच्या सामन्यात त्यांनीच भारताला हरवलेलं होतं. म्हणून अंतिम सामना कितीही फरकानं जिंकलेला असो, तो कंसात टाकायचा नाही.

गोल कुठल्या जातीचा?

मैदानी गोल (चालू खेळातला), पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून चेंडू आत ढकलून मिळणारी संधी), पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलरक्षक) असे तीन रकाने करा. पॅरिसमधले हरमनप्रीतचे दहा असे पडतात: कॉर्नरवर सात, स्ट्रोकवर तीन, मैदानी शून्य. यावर ‘मग तो कसला स्टार?’ असं म्हणणं चूक आहे. कॉर्नरवर पहिला फटका सरळ मारला तर चेंडू गोलाच्या तळाशी असलेल्या 460 मिलिमीटर उंचीच्या फळीच्या वर जाऊन चालत नाही. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू न मारता स्टिकवर ओढत नेऊन भिरकावण्याला, ती मर्यादा नाही, म्हणून चेंडू वरच्या कोपऱ्यात घालता येतो. या एका फरकावर एक नवं काम उभं राहिलं आणि पाकिस्तानचा सोहेल अब्बास त्यावर 348 आंतरराष्ट्रीय गोलांपर्यंत पोचला. बलबीरांच्या काळात हे कामच नव्हतं. तेव्हा फ्लिकरची तुलना फ्लिकरशी करा आणि आघाडीवीराची आघाडीवीराशी. खासबागेत वेगवेगळ्या वजनाचे मल्ल कुणी एकमेकांवर सोडत नाही.

गोलरक्षकाला तर वेगळा कागदच लागतो. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं. उरलेला सामना भारत दहाजणांनी खेळला, 1-1 राखला आणि शूटआउट 4-2 नं जिंकला. गोलरक्षक श्रीजेशचं त्या दिवसाचं मोल गोलांच्या तक्त्यात कुठंच उमटत नाही. अर्जेंटिनाची लुसियाना आयमार आठ वेळा जगातली सर्वोत्तम ठरली, ती मधल्या फळीत खेळून. तिलाही या तक्त्यात बसवू नका.

मैदान आणि नियम

1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान (टर्फ) आलं. गवतावर चेंडू उडतो, तो आधी थांबवावा लागतो. टर्फवर तो सरळ आणि वेगानं येतो. फरक वाचून कळत नाही. गांधी मैदानासारख्या जागेवर दहा पास घ्या, मग टर्फवर दहा घ्या. पहिल्या स्पर्शात किती चेंडू ताब्यात राहिले ते मोजलं की जुन्यांच्या स्टिकवर्कबद्दल बोलणं आपोआप जपून होतं. उलट बाजूही आहे: पूर्वी बदली खेळाडूंची आजच्यासारखी ये-जा नव्हती आणि आज दमलेला बचावपटू दोन मिनिटांत बाहेर बसतो, त्यामुळं शेवटच्या दहा मिनिटांत मिळणारी मोकळीक गेली. 1990 च्या दशकात ऑफसाइडचा नियम गेला, तो आघाडीवीराच्या फायद्याचा. 35 मिनिटांच्या दोन हाफऐवजी 15 मिनिटांचे चार क्वार्टर झाले, म्हणजे दहा मिनिटं कमी.

या सगळ्यासाठी ‘जुन्या गोलाला दीडनं गुणा’ असला गुणक काढू नका. तो आकडा कुठूनच येत नाही. आपला लाडका खेळाडू जिंकेल इतका तो बरोबर निघतो. नुसती अधिक-उणे खूण करा.

आकडे जुळत नसतील तर

बर्लिनच्या अंतिम सामन्यात ध्यानचंदांचे गोल कुठं तीन सापडतात, कुठं सहा. असं झालं की दोन्ही लिहा, हिशेब लहान आकड्यानं करा आणि मग मोठा घालून निकाल बदलतो का ते बघा. सगळ्या खेळाडूंची बेरीज संघाच्या गोलांइतकी येते का, हेही तपासा. निम्म्या चुका तिथंच पकडल्या जातात. इथं तीन धरले तर आठपैकी तीन, म्हणजे 38 टक्के. सहा धरले तर 75. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात बलबीरांचे सहापैकी पाच, म्हणजे 83. दोन्हीकडून बलबीरच वर राहतात. सलग तीन ऑलिंपिकचा दबदबा हा प्रश्न असेल तर दोघांकडंही तीन-तीन सुवर्ण आहेत, आणि तिथं आमचं मत ध्यानचंदांना. पण एका स्पर्धेतला भर विचारला असेल तर 1952 चे बलबीर.