मणक्याच्या पेशंटकडून फॉर्म भरून घेताय? मग या चुका टाळा

मी फिजिओ आहे, आणि मणक्याच्या ओपीडीत ऑस्वेस्ट्रीचे फॉर्म (कंबरदुखीने रोजच्या कामांत किती अडचण येते ते मोजणारे; मार्क जास्त तेवढा त्रास जास्त) तपासायचं काम बरीच वर्षं माझ्याच गळ्यात पडलंय. नवीन मुलं येतात, दोन दिवसांत "जमलं मॅडम" म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी तीच चूक.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सोडलेला प्रश्न शून्य धरणं. ऑस्वेस्ट्रीत १० भाग, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, आणि भागायचं ते ५० ने नाही तर जेवढ्या भागांची उत्तरं आलीत त्यांच्या कमाल मार्कांनी. लैंगिक आयुष्याचा प्रश्न बरेच जण सोडतात (शेजारी मुलगी बसली असेल तर कोण लिहिणार). मीही एकदा मोठ्या ऐटीत एक्सेल शीट बनवलं होतं आणि एक्सेलला रिकामा सेल म्हणजे बेरजेत शून्यच. एका बाईंचे ऑपरेशनआधी ५० पैकी २६ मार्क, म्हणजे ५२ टक्के. तीन महिन्यांनी त्यांनी दोन प्रश्न सोडले, बेरीज १८, शीट म्हणालं ३६ टक्के, सर्जन सर खूश, आणि बाई समोर उभ्या राहून सांगतायत की मला अजून दहा मिनिटं खुर्चीत बसवत नाही. मग हाताने मांडलं तर १८ भागिले ४० (आठच उत्तरं ना), म्हणजे ४५ टक्के! पेशंटला जाणवेल असा फरक साधारण १० पॉइंटचा धरतात, इथे होता जेमतेम ७. तेव्हापासून पेशंट उठायच्या आत किती उत्तरं आली तो आकडा मी पेन्सिलने कोपऱ्यात लिहिते. ॲप आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी ॲप कशाने भागतं ते आधी बघावं.

गंमत म्हणजे रोलंड-मॉरिस या कंबरदुखीच्याच दुसऱ्या फॉर्ममध्ये उलटं आहे, तिथे २४ वाक्यं, आज लागू पडतील त्यांवरच टिक, आणि टिक नसलेलं खरंच शून्य. ही सवय तिकडून इकडे येते बहुतेक.

दुसरी चूक, पेशंट समाधानी म्हणजे बरा झाला असं समजणं. स्कोअर होता तिथेच पण डॉक्टरांनी बसून नीट समजावलं म्हणून खूश असलेले भरपूर भेटतात, आणि पायातली कळ पूर्ण गेली तरी बधिरपणा रेंगाळतो हे आधी कुणी सांगितलं नाही म्हणून चिडलेलेही. म्हणून मी आम्ही कसं वागलो ते वेगळं विचारते, त्रासाचं वेगळं, आणि "ज्यासाठी ऑपरेशन केलंत ते मिळालं का" हे तिसरं. आणि हे सर्जननी स्वतः विचारायचं नाही, त्यांच्या तोंडावर कोण नाही म्हणणार?

बाकी किरकोळ. कंबर आणि पाय दोन्हीच्या दुखण्याला मिळून एकच आकडा घेऊ नका. मानेच्या पेशंटला कमरेचा फॉर्म देऊ नका, मानेचा वेगळा आहे. एकाच भागात दोन टिक असतील तर मोठा आकडा धरा. फॉर्म आजचं विचारतो, गेल्या महिन्याचं नाही.

आणि नातेवाइकांच्या हातात पेन देऊ नका. परवा एक मुलगा वडिलांच्या फॉर्मवर "चालता येत नाही"वर टिक करत होता, तेवढ्यात आजोबा स्वतःच खाली जाऊन पार्किंगची पावती घेऊन आले.