‘जपानने मुंबईवर बॉम्ब टाकले होते’: हवाई हल्ल्यांच्या गोष्टी सांगताना या चुका टाळा

१९४४ साली जपानी विमानांनी गोदी उडवली, असं सांगणारं एखादं घर गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत हमखास सापडतं. १४ एप्रिलच्या त्या दिवशी मुंबईवर एकही विमान आलं नव्हतं. व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र भरलेली होती. (ही अक्कल कोणाची, देव जाणे.) दुपारी कापूस पेटला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज उडालं. आग विझवणारे अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

म्हणून ही गोष्ट सांगणाऱ्या आजीला लगेच खोटं ठरवू नका. डिसेंबर १९४२ मध्ये जपानने कोलकात्यावर खरंच बॉम्ब टाकले होते. त्यात भर म्हणजे सरकारने मुंबईच्या स्फोटाची बातमी दाबून ठेवली. मग लोकांनी आपापलं कारण शोधलं. आजीने पाहिलेला जळता कापूस खरा, फक्त विमान मागाहून चिकटलं. गंमत म्हणजे, जी थाप वाटते ती खरी आहे: जहाजात सोनं होतं आणि त्याच्या विटा दूरवर उडाल्या.

दुसरी चूक, सिनेमा पाहून हल्ला सांगणं. १६-१७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिशांची १९ लँकेस्टर विमानं पश्चिम जर्मनीतली धरणं फोडायला निघाली. म्योने आणि एडर फुटली, झोर्पे टिकलं, ८ विमानं परतलीच नाहीत. या हल्ल्यावरच्या १९५५ च्या ‘द डॅम बस्टर्स’ सिनेमातला, पाण्यावर उसळत जाणारा बॉम्ब खऱ्यासारखा नाही, कारण त्याचा पिंपासारखा आकार तेव्हाही गुप्त होता. आणि म्योनेच्या पुरात वाहून गेलेल्या शेकडो सोव्हिएत वेठबिगार बायका? शौर्यकथेत त्या क्वचितच येतात.

तिसरी चूक आकड्यांची. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या १९४५ च्या बॉम्बहल्ल्याचे ‘दोन लाख बळी’ हा नाझी प्रचाराचा आकडा. २०१० च्या इतिहासकारांच्या अहवालात तो जास्तीत जास्त २५,००० आहे.

आता आपल्या घरचं. १९७१ च्या भारत-पाक युद्धात कराची बंदरातल्या कियामारीच्या तेलटाक्या कोणी पेटवल्या? कुलाब्यात नौदलातल्या कुणाला विचारलंत तर क्षेपणास्त्र नौकांनी, हवाई दलातल्याला विचारलंत तर हंटर विमानांनी. दोन्ही हल्ले ४ डिसेंबर १९७१ चेच, जामनगरहून गेलेली विमानं सकाळी, नौका रात्री. गोष्ट पुढे सांगण्याआधी तारखेबरोबर वेळही विचारा.