गडावर न्यायचं फील्ड गाइड निवडताना या चुका टाळा

सोलापुरातून ट्रेकला निघणाऱ्या नव्या मंडळींच्या सॅकमध्ये एक फील्ड गाइड, म्हणजे पक्षी-प्राणी ओळखायचं पुस्तक, हमखास असतं: अख्ख्या भारताचे पक्षी, जाड पुठ्ठा, वजनाला वीट. भारतात पक्ष्यांच्या 1300 पेक्षा जास्त जाती आहेत. त्यातल्या कितीतरी सह्याद्रीत फिरकतसुद्धा नाहीत, पण त्यांची चित्रं तुम्हाला चकवायला पानापानावर बसलेली असतात.

हरिश्चंद्रगडावर आमच्यासोबतच्या एका मुलाचं हेच झालं. पहाटे ओढ्याच्या बाजूने लांबलचक शीळ आली, मागोमाग निळसर काळा पक्षी खडकावर येऊन बसला. पठ्ठ्याने पुस्तक उघडलं, पहिलं निळं चित्र दिसलं आणि हिमालयातला शीळ कस्तुर जाहीर करून टाकला. चहा होईपर्यंत ते नाव ग्रुपवर फिरलंही. त्या चित्रातल्या पक्ष्याची चोच पिवळी होती, समोरच्याची काळी. समोरच्याच्या कपाळावर आणि खांद्यावर चकचकीत निळा पट्टा होता. तो आपला सह्याद्रीचा शीळकरी कस्तुर. शिवाय पक्षी कुठे आढळतो हे दाखवणाऱ्या त्याच पानावरच्या नकाशात रंग फक्त उत्तरेच्या आणि ईशान्येच्या डोंगरांत होता, सह्याद्री कोरा. हे दाखवल्यावर उत्तर आलं, "सर, दिसायला सेमच आहे की." नाव सांगायची घाई झाली की डोळे काम करायचे थांबतात, आणि याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून शक्यतो सह्याद्रीपुरतं किंवा महाराष्ट्रापुरतं पुस्तक घ्या. मोठंच घेतलं असेल तर घरी बसून नकाशे बघा आणि सह्याद्रीत आढळणाऱ्या पक्ष्यांपुढे पेन्सिलीने खूण करा. मी प्रत्येक नव्या पुस्तकाला हे करतो. कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट नाही. खुणा करता करता निम्मे पक्षी डोक्यात बसतात.

दुकानात पुस्तक चाळताना डोंबारी चंडोल या पक्ष्याचं पान काढून बघा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर फिरलेल्याला तो ओळखीचा असतो. नर पोटाखाली काळा कुळकुळीत, मादी चिमणीसारखी मातकट. पुस्तकात नुसता नर असेल तर ते परत ठेवा. जे पुस्तक आपल्या माळावरची मादी ओळखू देत नाही, ते गडावर काय कामाचं? नवशिक्याने फोटोंपेक्षा चित्रांचं पुस्तक घ्यावं, हे माझं ठाम मत. फोटोत ऊन-सावली रंग बदलते; चित्रात ओळखीची खूण नेमकी दाखवलेली असते.

फोनमधल्या पीडीएफवर विसंबू नका. पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही.

पक्षी, फुलं, साप, किडे सगळं एकाच पुस्तकात असेल तर कशालाच न्याय मिळालेला नसतो. फुलांसाठी जायचं तर फुलांचंच न्या.

जुनी आवृत्ती चालते, फक्त नावं बदललेली असू शकतात.

सापांचं पुस्तक मात्र घरी वाचायचं. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. विषारी मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात. हे पाठ असू द्या, पण समोर साप असताना पडताळायला जवळ जाऊ नका. लांब उभे राहा, त्याला वाट द्या, आणि तो गेल्यावर पान उघडा.