९/११च्या मदतकार्यातून आजार जडला असेल तर न्यूयॉर्कमध्ये भरपाईचा दावा कसा करावा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या वर्षांत वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या धुळीने जडलेल्या आजारांनी दलातले आणखी जवान गेले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तोही आकडा ३४३ वर पोहोचला. त्या धुळीत सिमेंटची पूड होती, काचेचे बारीक तंतू होते, ॲस्बेस्टॉस होतं. ती फक्त जवानांच्याच छातीत गेली नाही. ढिगारा उपसणारे मजूर, वेल्डर, ट्रकचालक, वीज आणि टेलिफोनचे कर्मचारी आणि स्वयंसेवक यांनीही ती महिनोन्‌महिने श्वासावाटे आत घेतली.

कामगार भरपाईच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे दावा दोन वर्षांत करावा लागतो. पण असे कितीतरी आजार दहा-पंधरा वर्षांनी डोकं वर काढतात. म्हणून न्यूयॉर्क राज्याने २००६ मध्ये आपल्या कामगार भरपाई कायद्यात ‘८-अ’ हे प्रकरण घातलं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडच्या तुमच्या ओळखीत त्या कामाला गेलेलं कुणी असेल, तर पुढची माहिती त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.

आधी आपण यात बसतो का ते पाहा

काम ११ सप्टेंबर २००१ ते १२ सप्टेंबर २००२ या काळात केलेलं असावं आणि ते बचाव, शोध किंवा सफाईचं असावं. जागाही ठरलेल्या आहेत: मॅनहॅटनमध्ये कॅनल स्ट्रीट आणि पाइक स्ट्रीटच्या रेषेखालचा भाग, स्टेटन आयलंडवरचं फ्रेश किल्स कचरा मैदान, ढिगारा वाहून नेणाऱ्या बार्जेस (सपाट मालवाहू बोटी) व धक्के, आणि शहराची शवागारं. पगार न घेता राबलेले स्वयंसेवकही पात्र आहेत. त्या भागातल्या आपल्या ऑफिसात नेहमीच्या कामाला परतलेल्यांना मात्र या प्रकरणाचा आधार सहसा मिळत नाही.

न्यूयॉर्क शहराचे गणवेशधारी पोलीस आणि अग्निशमन जवान यांचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी आपापल्या पेन्शन मंडळाकडे सहभागाची नोटीस द्यायची असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीही स्वतंत्र कायदा आहे.

तब्येत ठणठणीत असली तरी नाव नोंदवा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ‘डब्ल्यूटीसी-१२’ नावाचा नोंदणी अर्ज राज्याच्या कामगार भरपाई मंडळाकडे भरायचा असतो. हा दावा नव्हे. मी त्या कामात होतो, एवढं शपथेवर सांगणारा हा कागद असतो आणि तो नोटरीसमोर सही करून द्यायचा असतो. उद्या आजार निघाला तर दावा करण्याचा हक्क त्यामुळे शाबूत राहतो. २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार या नोंदणीची मुदत ११ सप्टेंबर २०२६ आहे. मुदत याआधीही अनेकदा वाढली, पण पुन्हा वाढेल या भरवशावर कुणीही थांबू नये.

अर्जात ‘ग्राउंड झिरोवर’, म्हणजे कोसळलेल्या मनोऱ्यांच्या जागी, ‘काम केलं’ एवढ्यावर भागवू नका. चर्च स्ट्रीट आणि लिबर्टी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर रात्रपाळी, कापलेल्या तुळया ट्रकवर चढवणं, तोंडाला फक्त कागदी मास्क, असं जागा, काम आणि काळ धरून लिहा. पगाराच्या पावत्या, युनियनची नोंद, ओळखपत्र, फोटो, जे हाती असेल ते जोडून ठेवा. काहीच नसेल तर शेजारी काम केलेल्या सहकाऱ्याचं लेखी निवेदन घ्या. ते आत्ताच घ्या, कारण त्या वेळची माणसं आता थकली आहेत.

आजार निघाल्यावर

नोकरदाराने ‘सी-३’ हा दावा अर्ज भरायचा असतो, स्वयंसेवकांचा अर्ज वेगळा असतो. डॉक्टर मंडळाची मान्यता असलेला हवा. दाव्याचं सगळं वजन त्याच्या अहवालावर असतं. ‘रुग्णाला दमा आहे’ या एका वाक्याने काही साधत नाही. हा आजार त्या धुळीच्या संपर्कामुळे झाला असं आपलं वैद्यकीय मत आहे आणि ते कशाच्या आधारे, हे अहवालात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

मालकाच्या विमा कंपनीने दावा नाकारला तर घाबरू नका, असं सर्रास होतं. मग मंडळाच्या न्यायाधीशापुढे सुनावणी होते आणि निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत फेरविचार मागता येतो. इंग्रजी अवघड जात असेल तर मोफत दुभाषी मागा, तो तुमचा हक्क आहे. वकिलाला आधी पैसे द्यावे लागत नाहीत. त्याची फी न्यायाधीश ठरवतो आणि ती मिळालेल्या रकमेतून जाते. दावा मान्य झाला की उपचाराचा खर्च मिळतो. काम बंद पडलं असेल तर सरासरी आठवडी वेतनाच्या दोन तृतीयांशापर्यंत, कमाल मर्यादेत, भरपाईही मिळते.

केंद्राच्या दोन योजना वेगळ्या

इथे लोक फार फसतात. वर्ल्ड ट्रेड सेंटर आरोग्य कार्यक्रम तपासणी आणि उपचार देतो, तर पीडित भरपाई निधी रोख रक्कम देतो. दोन्ही २०९० पर्यंत चालू राहणार आहेत. पण एकीकडे नाव घातलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. आरोग्य कार्यक्रमाने आजार प्रमाणित केला म्हणजे राज्याचा दावाही मंजूर झाला असं नाही. उलट त्या प्रमाणपत्राच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत निधीकडे नोंदणी करावी लागते. तारखाही जुळत नाहीत: निधी ३० मे २००२ पर्यंतचाच संपर्क धरतो. कामगार भरपाईत मिळालेली रक्कम निधी आपल्या रकमेतून वजा करतो, म्हणून दोन्हीकडे अर्ज करताना एकाची माहिती दुसऱ्याला द्या.

माणूस गेला असेल तरी जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलांना मृत्यू-भरपाई मागता येते. तो दावा मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आत करावा लागतो आणि आजाराचा मृत्यूशी असलेला संबंध डॉक्टरने लिहून द्यावा लागतो. म्हणून मृत्यूचा दाखला घेताना त्यावर कारण काय नोंदवलं आहे ते तिथेच वाचून पाहा.