नेट नसताना युपीआय: घाटातल्या दुकानात चाललेला उपाय

आमच्या मामांचं किराणा दुकान घाटाखाली आहे. फोन लागतो, पण इंटरनेट पावसाळ्यात जवळजवळ नसतंच. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं आणि चकती फिरत बसते.

यावर *९९# चाललं, म्हणजे इंटरनेटशिवाय नुसतं डायल करून उघडणारा बँकेचा मेनू. २०१४ पासूनची सोय, साधा फोनही पुरतो. बँकेला जोडलेल्या सिमवरूनच डायल करायचं. पहिल्यांदा बँक निवडून डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि मुदत टाकली की पिन तयार होतो. मग १ दाबून पैसे पाठवायचे. क्यूआर इथे कामाचा नाही, म्हणून मामांचा युपीआयला जोडलेला नंबर मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिला. एका वेळी ५,००० रुपयांची मर्यादा, किराण्याला भरपूर.

माझ्या फोनवर आधी ‘एमएमआय कोड’ची चूक यायची, म्हणजे डायल केलेला कोड चालायचाच नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क ४जीवरून २जीवर नेलं, मेनू उघडला. उत्तर द्यायला उशीर केला तर सत्र तुटतं, त्यामुळे नंबर आधीच हाताशी ठेवा.

युपीआय लाइट (छोट्या रकमा पटकन द्यायची ॲपमधली सोय) बिननेटचं असतं असं पुष्कळांना वाटतं. नाही. त्यात पिन लागत नाही, एवढंच, नेट लागतंच.