होल्स्टर टोचतंय? या चुका टाळा

परवाना हातात पडेपर्यंत माणूस जिल्हाधिकारी कार्यालयाचे आणि पोलीस ठाण्याचे उंबरे झिजवतो. रिव्हॉल्व्हरला लाखाच्या घरात पैसे मोजतो. आणि मग दुकानदाराने वरून दिलेल्या काळ्या कापडी कव्हरात ते खुपसून घरी येतो. मीही तेच केलं. माझा पेट्रोल पंप आहे, रोकड बँकेत मीच नेतो, आणि परवाना मिळून चौदा वर्षं झाली. त्यातल्या पहिल्या वर्षात माझं रिव्हॉल्व्हर कमरेला कमी आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जास्त असायचं. टोचायचं म्हणून, दुसरं काही नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं, पण घोळ इथूनच सुरू होतो. टोचतं म्हणून माणूस ते काढून ठेवतो: सीटखाली, गल्ल्यात, उशाशी. नाहीतर दर पाच मिनिटांनी शर्टावरून चाचपत, सरकवत बसतो, आणि समोरच्याला न सांगता कळतं की साहेबांच्या कमरेला काहीतरी आहे.

आपल्याकडे शस्त्र झाकून नेणं ही हौस नाही, तसा नियमच आहे. शस्त्र नियम 2016 मधला 32 वा नियम वाचा. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सार्वजनिक ठिकाणी न्यायचं तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये (शस्त्र अडकवायच्या म्यानासारख्या कव्हरात) किंवा पाठपिशवीसारख्या साधनात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि त्यावर तुमचा ताबा हवा. शर्ट वर करून रिव्हॉल्व्हरची मूठ दाखवणाऱ्यांनी आणि व्हॉट्सअ‍ॅपला तसे स्टेटस ठेवणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं. 2024 च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या परवान्यांचा विषय किती गाजला, ते आठवा. असो.

आधी पट्टा बघा

माझ्याकडे ‘टोचतं’ म्हणून आलेल्या दहांपैकी निम्म्यांना मी होल्स्टर न बघता आधी पट्टा दाखवायला सांगतो. ऑर्डनन्स फॅक्टरीचं साधं .32 रिव्हॉल्व्हर रिकामं साधारण 700 ग्रॅम भरतं. सहा राउंड, म्हणजे गोळ्या, घातले की पाऊण किलो झालं. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ 500 ग्रॅमचं आहे, म्हणून ते हलकं वाटतं, पण तेही अर्धा किलोच की. हे वजन ऑफिसला लावायच्या पातळ, एकेरी पट्ट्यावर एका बाजूला टांगलं की पट्टा पिळवटतो. होल्स्टरचं वरचं तोंड अंगापासून लांब जातं आणि खालची कड खुब्याच्या हाडावर दाबते. मूठ शर्टातून वर येते ती वेगळीच. मग माणूस पट्टा एक भोक आवळतो, आणि संध्याकाळी पोटावर वळ उठतात.

पट्टा दीड इंच रुंद, दोन पदरी चामडं शिवलेला घ्या. एका टोकाला आडवा धरला तर तो लगेच मान टाकत नाही, एवढा तरी कडक हवा. होल्स्टरची पट्ट्यावर बसणारी पकड त्याच मापाची आहे का, तेही बघा. दीड इंचाच्या पट्ट्यावर दोन इंची पकड असेल, तर होल्स्टर दिवसभर मागे-पुढे घसरत राहणार. मी माझा पट्टा कोल्हापुरात एका कारागिराकडून करून घेतला. आठ वर्षं झाली, अजून ताठ आहे.

पँटीच्या आत बसणारं होल्स्टर घेणार असाल, तर कंबर इंच-दीड इंच जास्त लागते. जुन्याच पँटीत कोंबलं की कुठलंही होल्स्टर टोचणार, त्यात बनवणाऱ्याचा दोष नाही. मी शिंप्याला दीड इंच सैल ठेवायला आणि पट्ट्याचे लूप दोन जास्त लावायला सांगितलं. तो टेप गळ्यात अडकवत म्हणाला, “शेठ, आत्तापासूनच पोटाची तयारी का?”

मऊ म्हणजे आरामाचं, हा गैरसमज

दुकानात हात लावला की नायलॉनचं किंवा इलॅस्टिकचं कव्हर छान वाटतं, आणि कडक होल्स्टर नकोसं. प्रत्यक्षात उलटं होतं. मऊ कव्हर शस्त्राचा एकही कोपरा अडवत नाही. घोडा (गोळीवर आपटणारा मागचा हॅमर), सिलिंडरचा फुगवटा, मुठीची कड, सगळं थेट कातडीला लागतं. कडक होल्स्टर हेच वजन त्याच्या रुंद मागच्या बाजूवर पसरवतं.

पण टोचण्यापेक्षा मोठी गोष्ट ट्रिगरची आहे. ‘सगळ्या मापांना चालेल’ असं सांगून विकलेल्या कव्हरात ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, धड झाकला जात नाही. शिवाय शस्त्र बाहेर काढलं की कव्हराचं तोंड मिटतं. परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं, म्हणजे स्वतःचीच बोटं नळीसमोर. जुनं, वापरून लुळं पडलेलं चामडंही तितकंच वाईट. त्याची कड आत दुमडते, ट्रिगर गार्डात शिरते, आणि वरून दाब दिला की ट्रिगर ओढला जातो. बोट लांब असलं तरी गोळी सुटते.

आपल्याकडे त्यात पायजम्याच्या नाडीची भर. झब्बा-पायजम्यावर कमरेला होल्स्टर लावणारे बरेच आहेत. नाडीचं लोंबतं टोक होल्स्टरच्या तोंडात गेलेलं मी स्वतः पाहिलंय, आणि त्या गृहस्थांना पत्ताच नव्हता. पावसाळी जॅकेटच्या दोऱ्यांचंही तेच. म्हणून शस्त्र परत ठेवताना कपडा पूर्ण बाजूला घ्या, बोट ट्रिगरपासून लांब ठेवा, होल्स्टरकडे बघा आणि सावकाश ठेवा. तिथे घाई करून कुणाला काही मिळत नाही. ज्यांचं रिव्हॉल्व्हर जुनं आहे त्यांनी घोडा आपटल्यावर गोळी सुटू नये अशी सोय त्यात आहे का, हे शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून एकदा तपासून घ्यावं. नसेल तर सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवावं, सहाऐवजी पाच राउंड.

नवं होल्स्टर घेतलं की एक परीक्षा घ्या. शस्त्र रिकामं करा, दोनदा तपासा, राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. मग ते होल्स्टरमध्ये घालून बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात दाबून बघा. आत काही हललं तर ते होल्स्टर परत करा. नंतर गादीवर धरून उलटं करा आणि झटका द्या. पडलं तर तेही परत.

जागा कुणाची कॉपी करू नका

इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले. तिथला सडपातळ प्रशिक्षक पोटाच्या पुढच्या बाजूला, बेंबीच्या उजवीकडे शस्त्र लावतो आणि क्षणात काढून दाखवतो. आपण चाळिशीतले, दुपारी भाकरी-पिठलं खाऊन मांडी घालून बसणारे. त्या जागी शस्त्र लावून मांडी घातली की मूठ बरगडीत आणि नळी जांघेत. तिथून मांडीची मोठी रक्तवाहिनी जाते, हे विसरू नका. बारीक माणसाला, दिवसभर उभं राहणाऱ्याला ही जागा चांगली आहे. पोट सुटलेल्याला नाही.

बहुतेकांना सोयीची जागा उजव्या खुब्याच्या किंचित मागे. मनातल्या मनात कमरेवर घड्याळ काढा, बेंबीला बारा. डावखुरा नसाल तर साडेतीन-चारच्या जागी लावा. तिथे खुब्याच्या हाडामागे एक नैसर्गिक खळगा असतो, त्यात होल्स्टर बसतं. मूठ थोडी पुढे झुकलेली असली की पाठीमागून शर्ट उचलला जात नाही. हा तिरकेपणा दहा-पंधरा अंशांचा पुरतो. काही होल्स्टरमध्ये दोन स्क्रू सैल करून तो बदलता येतो, आणि अर्धी टोचणी नुसत्या तेवढ्याने जाते. उंचीचंही तसंच. फार वर बसवलं की वजन वर राहतं आणि मूठ बाहेर कलते, फार खाली बसवलं की बसताना सीट ते ढकलते आणि हाताला पूर्ण मूठ मिळत नाही.

बरोबर मागे, मणक्यावर लावणारे भेटतात. सिनेमात बघितलेलं असतं. मोटारसायकलवरून पाठीवर पडलात तर तो लोखंडाचा गोळा थेट मणक्यात जाईल. दुसरं म्हणजे मागून कुणी हात घातला तर तुम्हाला दिसणारही नाही.

दिवसाचे सहा तास गाडीत जाणाऱ्यांची अडचण वेगळी. चारच्या जागेवर सीटची कड येते. माझे एक मित्र ऊसतोडीचे मुकादम, त्यांनी तीन होल्स्टर बदलली. शेवटी त्यांना डाव्या बाजूला, मूठ उजवीकडे केलेलं आडवं होल्स्टर मानवलं. बसल्या बसल्या हात पोहोचतो आणि खुब्याला काही लागत नाही. तोटा असा की मूठ समोरच्या माणसाकडे असते. म्हणून गर्दीत, बाजारात ते उपयोगाचं नाही. खांद्यावरचं होल्स्टर गाडीत राजेशाही वाटतं, पण त्यावर जॅकेट लागतं, आणि मे महिन्यात अकोल्यात जॅकेट घालून फिरणाऱ्याकडे सगळे बघतात. शिवाय आडव्या खांदा-होल्स्टरची नळी दिवसभर मागच्या माणसावर रोखलेली असते. घोट्यावरचं होल्स्टर फक्त बसून काम करणाऱ्यांसाठी. दोन किलोमीटर चाललात की पाय बोलायला लागतो.

खिशात ठेवायचंच असेल तर खिशाचं वेगळं होल्स्टर हवं, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ली नको, सुट्टे पैसे नकोत, तंबाखूची डबी तर नकोच.

बायकांच्या बाबतीत दुकानदार सरसकट पर्स सुचवतात. साडीला पट्टा नसतो, त्यामुळे सल्ला अगदीच चुकीचा नाही. पण पर्स काउंटरवर राहते, खुर्चीला अडकते, भाचरं त्यात चॉकलेट शोधतात. शस्त्रासाठी स्वतंत्र कप्पा, त्यात पक्कं बसवलेलं कडक होल्स्टर आणि पर्सचा बंद कायम खांद्यावरच, एवढं पाळता येत असेल तरच पर्स घ्यावी. पँट घालणाऱ्यांनी पुरुषांच्या मापाचं होल्स्टर उचलू नये. कंबर ते बरगडी अंतर कमी आणि खुबा रुंद, त्यामुळे तेच होल्स्टर मूठ थेट बरगडीत ढकलतं. कमी उंचीवर बसणारं आणि खुब्याच्या बाजूने पाचर (अंगाला टेकणारी फुगीर गादी) असलेलं बघा.

चामडं, घाम आणि पावसाळा

चामडं की कायडेक्स, यावर लोक भांडतात. कायडेक्स हा प्लास्टिकचा पत्रा. तो तापवून शस्त्राच्या आकारावर दाबतात. घाम पीत नाही, तोंड मिटत नाही, पण कातडीला थेट लागला तर उन्हाळ्यात घामोळ्या आणतो. आत बनियन घाला, प्रश्न मिटला. त्याचे स्क्रू मात्र गाडीच्या हादऱ्याने सैल होतात. महिन्याला तपासा आणि निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा.

चामडं अंगाला लवकर सरावतं. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं बरं. रसायनांनी क्रोम-टॅनिंग केलेल्या चामड्यातले क्षार लोखंडाला खातात. नवं चामडी होल्स्टर घट्ट असलं म्हणून त्याला तेल चोळू नका, ते कायमचं लुळं पडतं. रिकामं शस्त्र पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि रात्रभर आत राहू द्या. दोन-तीन रात्रींत जागा होते.

आणि चामडी होल्स्टर ही शस्त्र ठेवायची जागा नाही. कोकणात किंवा महाबळेश्वरकडे जून ते सप्टेंबर कपाटात होल्स्टरसकट ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि नळीवर तांबूस ठिपके येतात. निवडणुकीच्या वेळी हेच होतं. 2024 साली लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, त्यामुळे ज्यांना आदेश आला त्यांना दोनदा शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. आमच्या ओळखीच्या एकाने चामडी होल्स्टरसकट जमा केलं आणि परत आणलं तेव्हा सिलिंडर फिरेना. जमा करताना शस्त्र पुसून, तेलाचा हलका हात फिरवून द्या. होल्स्टर घरी ठेवा.

शौचालयाचं काय?

हे कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. पँट खाली गेली की पट्टा सुटतो आणि होल्स्टर उलटं लटकतं. भारतीय पद्धतीच्या शौचालयात तर ते थेट फरशीवर. माणूस घाबरून शस्त्र काढतो, वर फ्लशच्या टाकीवर ठेवतो, आणि हात धुऊन बाहेर पडतो. पुढचं सांगायला नको. शस्त्र होल्स्टरमधून काढायचंच नाही. क्लिपवाल्या होल्स्टरचा इथे फायदा असा, की ते शस्त्रासकट पट्ट्यावरून निघतं. ते बॅगेत घाला, बॅग गळ्यात ठेवा.

होल्स्टर आणल्यावर पहिले दहा-बारा दिवस रिकाम्या शस्त्रासह घरातच वापरून बघा. जमिनीवर बसा, उकिडवं बसा, बुटाची लेस बांधा, अंगणात गाडीत बसून सीटबेल्ट लावा, स्कूटरला किक मारा. कुठे टोचतं ते कागदावर लिहा. वर टोचत असेल तर उंची कमी करा किंवा तिरकेपणा वाढवा. खाली टोचत असेल तर पाचर लावा, नळीच्या टोकाशी फोमचा तुकडा चिकटवूनही काम होतं. एका बाजूलाच दुखत असेल तर जागा बोटभर पुढे-मागे सरकवा. सगळीकडेच टोचत असेल तर पँट घट्ट आहे, शिंप्याकडे जा.